कासलच्या बागेतला हौद

त्या मे महिन्यात आमच्या घराची कौलं दोनदा परतली. पहिल्यांदा पावसासाठी आणि दुसऱ्यांदा नलूताईच्या लग्नासाठी. पावसासाठीचं काम गड्यांनी चार दिवसांत उरकलं होतं, फुटकी कौलं बदलून झाली होती, वाशांवरची जळमटं काढून झाली होती, आणि आईने घर झाडून-सारवून पुन्हा जागेवर लावलं होतं. आणि मग एका संध्याकाळी, नाना कचेरीतून येऊन अजून पाय धूत होते तेव्हा, तिने त्यांना सांगितलं, "त्या गड्यांना उद्या परत बोलवा. पुढच्या दोन खोल्यांवरची कौलं उतरवून अंगणात रचून ठेवायला सांगा."

"अगो, आत्ताच तर परतली ना ती?" नाना म्हणाले.

"पाहुणे येतील तेव्हा घर उघडं दिसलं पाहिजे. घरात बसायची सोय नाही असं म्हणता आलं पाहिजे."

नाना फार बोलणारे नव्हतेच. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी गडी आले, आणि आम्ही पाच-सहा दिवस निम्म्या घरात आभाळ घेऊन राहिलो. दुपारचं ऊन थेट कपाटावर पडायचं. कावळे वाशांवर बसून आत डोकावायचे. आई माजघरात भात वाढायची तेव्हा वरून चुना आणि धूळ पडू नये म्हणून ताटावर ताट झाकायची.

एवढा खटाटोप कशासाठी, तर घरात माणसं अनवाणी असतात म्हणून.

नलूताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन बसले होते, म्हणजे ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची. तिच्या उजव्या पायावर कोड होतं. अंगठ्यापासून सुरू झालेलं, घोट्याच्या वर चार बोटं आलेलं, आणि तिथेच थांबलेलं. बाकी अंगावर टिकलीएवढाही डाग नव्हता. ती अठरा-एकोणीस वर्षांची असताना ते पहिल्यांदा दिसलं आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला त्याचा वास लागला. वास हा शब्द मी उगाच वापरत नाही. बावचीचं तेल रोज सकाळी तिच्या पायाला चोळलं जायचं आणि ती पाय उन्हात धरून पायरीवर बसायची. त्या तेलाचा कडवट वास आजही कुठे आला तरी मला आमच्या मागच्या दाराची पायरी दिसते. वैद्यांनी तिचे मासे बंद केले होते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं घर, आठवड्यातून चारदा चुलीवर बांगड्याचं तिखलं शिजणार, आणि ही बिचारी कुळथाचं पिठलं पुढ्यात घेऊन आमच्या ताटांकडे न बघता जेवणार. आई तिच्यासाठी पिठल्यात खोबरं जास्त घालायची. त्याहून जास्त तिला काही करता येत नव्हतं.

पाच स्थळं येऊन गेली होती. पाचही वेळा ताई पोह्यांचा ट्रे घेऊन अनवाणी बाहेर आली, पाचही वेळा आईने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, आणि पाचही वेळा माणसं पोहे खाऊन, चांगलं बोलून, परत गेली. नंतर पत्रिका जुळत नसल्याचं पोस्टकार्ड यायचं. सहाव्या वेळी आईने ठरवलं की सांगायचं नाही.

मला सगळ्यांत जास्त घाई झाली होती हे इथेच सांगून टाकते. परीक्षा संपल्यापासून मला घरात बसवत नव्हतं. मी अंगणातून विहिरीवर, विहिरीवरून कुंपणाच्या गडग्यापर्यंत, तिथून परत अंगणात अशा फेऱ्या घालायचे. पुस्तक उघडलं की दोन पानांत मिटायचे. आमच्या शेजारची दोन मुलं मुंबईला कॉलेजात गेली होती आणि सुट्टीत आली की त्यांच्या चालण्यातसुद्धा फरक पडलेला दिसायचा. मला तसं चालायचं होतं. मी एकदा तसं बोलून बघितलं, तेव्हा आई म्हणाली, "आधी थोरलीचं होऊ दे. ती घरात असताना तुला मुंबईला पाठवलं तर लोक म्हणतील, हिच्यावरचं ध्यानच उडालंय यांचं." म्हणजे ताईचं लग्न हा माझा मुंबईचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर एक पांढरा पाय आडवा पडला होता. मी ताईवर जीव टाकत होते हे खरं. आणि रात्री अंथरुणात पडल्यावर त्या पायाचा मला राग यायचा, हेही तितकंच खरं.

स्थळ पुण्याचं होतं. मुलाचं नाव श्रीकांत, बँकेत नोकरी, वडील नव्हते, घरी तो आणि त्याची आई. मायलेक गणपतीपुळ्याला दर्शनाला येणार होते आणि जाता-येता मुलगी बघू म्हणत होते. आईने कौलांचं कारण पुढे करून नानांकडून पत्र लिहून घेतलं की घर सध्या उघडं आहे, तेव्हा आपण कासलच्या बागेत भेटू, मुलांना निवांत बोलताही येईल. गणपतीपुळ्यालाच भेटू असं मुलाच्या आईने सुचवलं होतं, पण देवळात पायताणं काढावी लागतात.

कासल म्हणजे काय हे रत्नागिरीबाहेरच्यांना सांगायला हवं. गणपतीपुळ्याच्या वाटेवर, समुद्राच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एका इनामदाराने बांधलेला तो मोठा बंगला. इनामदार तरुणपणी विलायतेला जाऊन आला होता आणि तिथले किल्ले बघून त्याचं डोकं फिरलं होतं, असं आमच्याकडे सांगायचे. त्याने जांभ्या दगडात दोन गोल बुरूज उठवले, वर दातेरी कठडे केले, पुढे बाग केली, आणि दारावर इंग्रजीत नाव कोरून घेतलं. त्यातला 'कॅसल' एवढाच शब्द लोकांनी उचलला आणि त्याचा कासल केला. इनामदार गेले, त्यांचे वारस परदेशात स्थायिक झाले. पण बाग राखली होती. दर रविवारी ती लोकांसाठी उघडायचे. सगळा सडा मे महिन्यात भाजून काळा पडलेला असायचा, आणि त्याच्या मध्यभागी ती हिरवी बाग बसलेली असायची. आम्ही शाळेच्या सहलीबरोबर एकदा बाहेरूनच बघून आलो होतो. आत कसं आहे ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

आदल्या दिवशी आईने सांदणं केली. फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ. उकडताना तो वास उघड्या छपरातून पार रस्त्यापर्यंत गेला असणार. ताईने हापूसच्या आंब्यांतून सगळ्यांत चांगले दहा निवडून गवतात गुंडाळले. कोकम सरबताची बाटली ओल्या फडक्यात बांधली. आईने बाजारातून पुढून बंद असलेल्या काळ्या सँडल आणल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर कातडीच्या रंगाचे मोजे. ताईने ते घालून ओटीवर चालून दाखवलं.

"कशी दिसतेय गो?" तिने मला विचारलं.

"मास्तरीण दिसतेस," मी म्हटलं.

"मास्तरीणच आहे मी," ती म्हणाली आणि हसली. ती गावातल्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून जायची. "पण आई, कोणी विचारलं तर काय सांगू, मे महिन्यात मोजे कशाला म्हणून?"

"टाचांना भेगा पडल्यात म्हणून सांग."

"आणि लग्नानंतर?"

आई आंबे मोजत होती ती थांबली. "लग्नानंतरचं लग्नानंतर," ती म्हणाली. ताईने सँडल काढून, मोजे घडी करून त्यांत घातले आणि पुढे काही विचारलं नाही. मी तिच्याकडे बघत होते. ती राजी होती असं मला वाटलं, कारण मला तसं वाटून घ्यायचं होतं.

आम्ही एस.टी.ने गेलो आणि फाट्यावर उतरून चालत वर चढलो. नऊ वाजले नव्हते तरी जांभा तापायला लागला होता. मायलेक फाटकापाशीच उभे होते. श्रीकांत उंच, किरकोळ, हातात घडी केलेली छत्री. त्याची आई ठेंगणी, गोरी, गुडघे धरून चालणारी. तिने ताईच्या हाताला धरूनच चालायला सुरुवात केली. "मला आधार दे ग," म्हणाली, "तेवढंच तुझ्या हाताला वळण आहे का नाही कळेल." ताई हसली. मला ती बाई आवडली, आणि त्यामुळे जास्तच भीती वाटली.

बागेत शिरताच सगळे थबकले. कात्रीने कापून चौकोनी केलेली मेंदीची कुंपणं, त्यांच्यामध्ये लाल चिऱ्यांच्या आखीव वाटा, लाल-पिवळ्या क्रोटनच्या रांगा, गुलाबाचे गोल वाफे, मधूनमधून शेंदरी मडक्यांसारख्या मोठ्या कुंड्या, आणि पार टोकाला बंगल्याच्या पायऱ्यांसमोर एक लांबट हौद, त्यात कमळं. कुठेही एक पान वाटेवर पडलेलं नव्हतं. एवढी आखीव जागा मी तोवर पाहिली नव्हती. कुठेतरी धावत सुटावं असं वाटत होतं आणि धावायला सरळ वाट नव्हती, दर दहा पावलांवर वळण होतं.

मोठी माणसं एका बाकावर बसली. ताई आणि श्रीकांत पुढे चालू लागले आणि रिवाजाप्रमाणे मला त्यांच्या मागे पाठवण्यात आलं. मी चार हात अंतर ठेवून चालत होते, पण कान पुढे होते.

"तुम्हाला झाडांची आवड आहे का?" त्याने विचारलं.

"झाडांची आहे. या बागेचं मला नवल वाटतंय," ताई म्हणाली. "हा सगळा कातळ आहे बघा. इथं पावसात गवत सोडलं तर काही उगवत नाही. म्हणजे खड्डे फोडून घेतले असणार आणि खालून खाडीकडून बैलगाड्यांनी माती वर आणली असणार. एवढ्या एका गुलाबासाठी किती गाड्या लागल्या असतील?"

"मला फक्त गुलाब दिसला होता," तो म्हणाला, आणि दोघंही हसली. मग तो बँकेतल्या गमती सांगू लागला, तिने शाळेतल्या सांगितल्या. तो ऐकून घेत होता. ताई बोलताना हात हलवत होती, जे ती घरात कधी करत नसे. ती त्या सँडलमध्ये थोडी लंगडत होती कारण नव्या सँडलने टाच खाल्ली होती, पण तिला ते जाणवतही नव्हतं. मी मागून बघत होते आणि मनातल्या मनात मुंबईची ट्रंक भरत होते.

परत बाकाशी आलो तेव्हा आईने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. तिने घाईघाईने सांदणं वाढली. श्रीकांतच्या आईने दोन खाल्ली, तिसरं मागून घेतलं, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "आता आतून बंगला बघू या. एवढं लांब आलोय तर."

पायऱ्यांच्या वर, दारात, दळवी म्हणून तिथला राखणदार होता. वाळका म्हातारा, खांद्यावर पंचा, हातात काठी. त्याच्या शेजारी लाकडी फळ्यांची घडवंची होती आणि तिच्यावर आधी आलेल्यांच्या चपला ओळीने लावलेल्या होत्या.

"पायताणं काढा," तो म्हणाला. "आत सागवानी जमीन हाय. पॉलिस केल्याली."

आईचा चेहरा मी पाहिला. पण ती सावरली. मोजे होतेच. ताईने वाकून सँडल काढल्या आणि मोज्यांनिशी उभी राहिली.

"ते बी काढा," दळवी म्हणाला.

"मोजे आहेत ते," आई म्हणाली. "स्वच्छ आहेत."

"सोच्छचं नाय ओ बाय. मोज्यानी पाय सरतो. गेल्या साली एक बाई पडली नि हात मोडलान. तवापासून मालकांचा हुकूम हाय, मोजे नाय."

"मग ही बाहेरच थांबेल. हिला धुळीचा त्रास होतो."

"आत धूळ कुठली?" श्रीकांतची आई म्हणाली. "ये ग नलिनी. मला जिना चढायला तुझा हात हवा."

ताई खाली बघत उभी होती. तिचा हात मोज्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. आईने माझ्याकडे पाहिलं. तिने मला काही कर म्हणून सांगितलं नाही, तसं मी कधीच म्हणणार नाही. तिने फक्त पाहिलं. मी पायऱ्यांच्या खालच्या अंगाला, हौदाच्या काठाशी उभी होते.

मी उडी मारली.

नलूताई आजही म्हणते की तू उडी मारली नाहीस, घसरलीस. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, दोघींच्याही आठवणीवर फार भिस्त ठेवण्यासारखी नाही, तरी एवढं मला ठाम आठवतं की मी आधी काठ बघितला, पाणी बघितलं, गुडघाभर असेल असा अंदाज केला आणि मग पाय उचलला. अंदाज चुकला. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. तळाशी कमळांच्या मातीच्या मोठ्या कुंड्या होत्या आणि सगळ्यावर बोटभर शेवाळ. माझा पाय दोन कुंड्यांच्या मध्ये गेला आणि अडकला. तोल गेला, ओढणी कुठल्या तरी देठांत गुरफटली, आणि मी तोंडावर पाण्याखाली गेले. हिरवं पाणी नाकात गेलं. वर येऊन मी ओरडायचा प्रयत्न केला तर पुन्हा पाणी गेलं. मग मात्र नाटक संपलं. मी मरते आहे असं मला खरंच वाटलं. एकदा डोकं वर आलं तेव्हा बुरजाचे दात दिसले, एकदा दळवीचा पंचा, आणि मग काही दिसेना.

माझ्या काखेत दोन हात आले. "सोड, ओढणी सोड," असं कोणीतरी कानाशी म्हणत होतं. ती ताई होती. तिने पाण्याखाली डोकं घालून माझा पाय कुंड्यांमधून सोडवला, मला ओढत काठाशी आणलं, वरून दळवीने काठी पुढे केली, नाना आणि आई काठावर पालथे पडून हात देत होते. त्यांनी मला वर घेतलं. मग ताई वर चढली. काठावर, लाल चिऱ्यांवर, ती दोन्ही पाय टेकून उभी राहिली. पाण्यात उतरताना तिने मोजे ओढून फेकून दिले होते. ओली साडी गुडघ्यांपर्यंत वर चिकटली होती, आणि त्या लाल दगडावर तिचा एक पाय सावळा होता आणि एक पांढराफटक.

मी खोकत होते, पण तेवढ्यातही मला ऐकू आलं की सगळे गप्प झालेत. फक्त दळवी बडबडत होता, "कुंड्या फोडल्यान पोरीनं, कुंड्या फोडल्यान." मग त्याच्याही लक्षात आलं आणि तो थांबला.

ताईने साडी खाली ओढली नाही. ती श्रीकांतच्या आईकडे बघत म्हणाली, "कोड आहे. आठ वर्षं झाली. एवढंच आहे, वाढत नाही."

श्रीकांतची आई आधी माझ्याजवळ आली. गुडघे दुखत असताना खाली बसली आणि आपल्या पदराने माझं डोकं पुसू लागली. पुसता पुसता आईला म्हणाली, "पायाचं राहू दे. पण तुम्ही लपवलंत."

"पाच वेळा दाखवून पाहिलं," आई म्हणाली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "म्हणून आता लपवून पाहिलं."

त्यावर ती बाई माझं डोकं पुसत राहिली.

दळवीने मागच्या खोलीतून आपल्या बायकोचं एक जुनं लुगडं आणून दिलं. मला ते गुंडाळून त्याच बाकावर बसवलं. ताईला पण घे म्हणाले, तर ती नको म्हणाली. तिने साडी पिळली, केस पिळले, आणि दळवीला विचारलं, "आता मी आत जाऊ का? पाय धुतलेलेच आहेत."

दळवीने काठी बाजूला घेतली. मग म्हणाला, "जा बाय. फक्त पाणी सांडू नको."

ती एकटीच आत गेली. आम्ही सगळे उन्हात बसलो होतो, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती वर उजव्या बुरजाच्या कठड्याशी दिसली. तिथून समुद्र दिसत असणार. ती तिकडे तोंड करून उभी होती, हात कठड्यावर, आणि वाऱ्याने तिची साडी वाळत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला तिचा हेवा वाटला. एवढं सगळं होऊन गेल्यावर हेवा वाटावा असं तिच्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी गेल्यावर आईने दुसऱ्याच दिवशी गड्यांना बोलावून कौलं चढवून घेतली. ती आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही. मी जाईन तिथे पाऊल वाजवत होते, काहीतरी घडावं म्हणून घोंघावत होते. आणि मग पोस्टकार्ड नाही, पाकीट आलं. नानांनी ते ओटीवर उभ्याउभ्याच वाचलं, आणि पुन्हा वाचलं, आणि आईच्या हातात दिलं. मुलगी पसंत होती. श्रीकांतच्या आईने लिहिलं होतं की मुलीचा धीर तिला आवडला, श्रीकांतचीही हरकत नाही, लग्न पुण्यात मोजक्या माणसांत करू, आणि पायाविषयी दोन्हीकडच्या नातेवाइकांत बोलण्याची गरज नाही.

आई खाली बसली आणि रडू लागली. मी नाचायचीच बाकी होते. ताई मागच्या दाराने कपडे वाळत घालून आली, तिला पत्र दिलं, तिने ते वाचलं आणि परत पाकिटात घातलं.

"नाही म्हणून कळवा, नाना," ती म्हणाली.

मग जे घरात झालं ते मला सविस्तर लिहवत नाही. आईने कपाळ बडवून घेतलं. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "अगो, त्यांनी स्वतःहून हो म्हटलंनी, आता तुला आणखी काय हवंय?" सगळ्यांत वाईट मी बोलले. मी म्हटलं, "तुला कोण दुसरा मिळणार आहे?"

ताईने माझ्याकडे वळून पाहिलं. रागावली नाही.

"तू पाण्यात होतीस," ती म्हणाली. "मी उतरले. आई उतरायला निघाली होती, तिला पोहता येत नाही. नाना चष्म्यासकट काठावर पालथे पडले. त्या म्हाताऱ्या दळवीने शिव्या देत देत का होईना, काठी पुढे केली. श्रीकांतच्या आईचे गुडघे वाकत नाहीत तरी ती खाली बसली. आणि तो छत्री धरून उभा होता. मोजे ओढून काढून मी हौदात उतरत होते तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. तो तुझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या पायाकडे बघत होता. पोर बुडतेय, आणि हा माझा पाय बघतोय. त्याला पाय चालतो की नाही, याच्याशी मला काही घेणं नाही."

नानांनी तेवढ्यात चष्मा काढला, पुसला आणि पत्र लिहायला कागद शोधू लागले. नाना नाही म्हणून लिहीत होते तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी तिने सौंदाळे मासे तळले आणि न विचारता पहिला ताईच्या ताटात वाढला. ताईने तो खाल्ला. त्याने काही झालं नाही, कोड वाढलंही नाही आणि गेलंही नाही.

गेल्या थंडीत माझ्या सासरकडच्या भाच्याने आम्हा दोघींना कासलला नेलं. आता तिथे तिकीट आहे, आणि लग्न ठरलेली जोडपी हौदाच्या काठावर फोटो काढून घेतात. एका मुलीला छायाचित्रकार सांगत होता की आणखी थोडी मागे वाक. ताई एकदम ओरडली, "ए बाय, मागे जाऊ नकोस, पाणी खोल आहे!" त्या पोरांनी आमच्याकडे दोन खुळ्या म्हाताऱ्या म्हणून बघितलं. ताई मग जाऊन दूर बसली.

पण मी पुढचं सांगत होते. मंडणगडच्या एका शाळेतून ताईला कायमच्या नोकरीचं बोलावणं मार्चमध्येच आलं होतं. आईने ते देवघराच्या खणात ठेवलं होतं, कारण एवढ्या लांब, डोंगरात, मुलगी एकटी कशी ठेवायची. ताईने ते खणातून काढलं आणि परवानगी न मागता उत्तर पाठवलं. शाळा उघडण्याच्या आधी तिला तिथे हजर व्हायचं होतं. आई स्टँडवर आली नाही. नाना तिची वळकटी टपावर चढवून घ्यायला गेले, आणि आम्ही दोघी खिडकीच्या आतून आणि बाहेरून बोलत राहिलो. आभाळ भरून आलं होतं, उकाडा जीव घेत होता.

मला ते पोटात ठेवता येईना. मी म्हटलं, "ताई, मी त्या दिवशी तुझ्यासाठी उडी मारली नव्हती. तुझं लग्न मोडलं तर मला मुंबईला पाठवणार नाहीत, म्हणून मारली."

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली.

"कधीपासून?"

"तुला पाण्यातून काढलं तेव्हापासून. तोंडातलं पाणी थुंकल्या थुंकल्या तू पहिलं काय विचारलंस ते तुला आठवत नाही. 'ते गेले का?' असं विचारलंस." ती खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर एक टपली मारत म्हणाली, "मीसुद्धा काही सगळं तुझ्यासाठी नाही करत आहे. मला जायचंय म्हणून जातेय. पण थोरली घरात नसली की धाकटीला अडवायला आईकडे कारण उरत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलंय."

कंडक्टरने घंटी मारली. नाना खाली उतरले. मी तिथेच उभी होते, माझे पाय हलत नव्हते, महिनाभर एका जागी न ठरणारे पाय. गाडी वळण घेऊन फाटकापाशी पोचली आणि ताईने अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढलं.

"कॉलेजचा फॉर्म माझ्या ट्रंकेखाली आहे!" ती ओरडली. "मागवून ठेवलाय मी! सोमवार शेवटचा!"

तो दिवस शनिवार होता. मी नानांना मागे टाकून, भर बाजारातून, घरापर्यंत पळत गेले. आई स्वयंपाकघरात होती. मी ट्रंक बाजूला सारली, फॉर्म काढला, आणि चुलीपुढे तिच्या शेजारी बसून तिच्यादेखत भरायला घेतला. पालकांच्या सहीच्या जागेशी आले तेव्हा मी कागद आणि पेन तिच्यापुढे धरलं.

आईने ओले हात पदराला पुसले. तिने कागद चुलीच्या उजेडात धरला. मग तिने विचारलं, "कुठं करायची सही?"